भांडणाची पायरी

त्या घरातला जिना दोन भावांनी मिळून बांधला होता आणि घोळ तिथेच झाला.

बाबा खालून वर बांधत निघाले, काका वरून खाली. दोघांपैकी सुतार कोणीच नाही. बाबा बस चालवायचे, काका छापखान्यात होते. पण "त्यात काय एवढी अक्कल लागते, पायरीवर पायरी ठेवायची" यावर दोघांचं एकमत. आयुष्यातलं तेवढंच. वळणाच्या वर कुठेतरी दोघं भेटले तेव्हा पायरी एकच उरली होती आणि जागा दीड पायरीची. मग उरलेली सगळी उंची त्या एकाच पायरीच्या बोकांडी बसवली. बाबा म्हणाले, माप तू चुकलास. काका म्हणाले, तू चुकलास. आधी काका गेले, मग बाबा गेले, भांडण काही मिटलं नाही. पायरीचं नावच पडलं भांडणाची पायरी.

घरातल्यांना तिचा काही त्रास नव्हता. पाय शिकतात. डोक्याला सांगावं लागत नाही.

बारक्या तिथे उजवा तळवा भिंतीवर आपटायचा आणि लांब ढांग टाकायचा. बारक्या म्हणजे काही पोरगा नव्हे. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा, अर्धे केस गेलेला, चाळिशीला टेकलेला माणूस. पण धाकटा होता, म्हणून बारक्या. त्याची बायको आधी खालच्या पायरीवर दोन्ही पाय जुळवायची, मगच वर चढायची. बाबा खोकायचे. प्रत्येकाचं ठरलेलं. वरच्या खोलीत बसलेल्या आईला मान वळवायची गरजच पडायची नाही. धप्प आवाज झाला की ती म्हणायची, "आलास?" आणि आलेला तोच असायचा.

पाहुणा मात्र हटकून अडखळायचा. आई हसायची. "आमच्याकडे कुत्रं नाही," ती म्हणायची, "पायरी आहे."

त्यावरून तिची एक गोष्ट होती. सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकलेली की मधेच कोणी उठून पाणी पिऊन आलं तरी काही चुकायचं नाही.

बारक्या कॉलेजात होता तेव्हाची. भर दुपार, घरात आई एकटीच, वरच्या खोलीत. खालून हाक आली, "आई, मी आलो." बारक्याचाच आवाज, हुबेहूब. पाय वर यायला लागले, वळण घेतलं आणि भांडणाच्या पायरीला ठेचकाळले.

"आवाज कोणीही काढतं," आई म्हणायची. "पाय खोटं बोलत नाहीत."

ती उठली, जिन्याच्या तोंडाशी आली आणि दोन्ही हातांनी ढकललं. आधी ढकललं, मग बघितलं. चांगला आडदांड माणूस होता. वळणावरच्या भिंतीवर जाऊन आदळला. आईचे हात म्हणजे साधे हात नव्हते. इस्पितळाच्या धोबीखान्यात तिने आयुष्यभर ओल्या चादरी पिळल्या होत्या.

बाबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा शेवट असा असायचा की चोर लंगडत लंगडत पळाला. आई सांगायची तेव्हा शेवट नसायचाच.

"मग तो उठला का?" लहानपणी ताईची पोरं विचारायची.

"मला काय माहीत?" आई म्हणायची. "मी दार लावून घेतलं."

आणि सगळे हसायचे.

तर, त्या जिन्याला हात लावायचं कारण ताई.

ताई म्हणजे बारक्याची मोठी बहीण. लग्न होऊन लांबच्या शहरात गेली ती तिकडचीच झाली. वर्षाकाठी एक फेरी, तीही धावती. मागच्या वेळी ती आली, पिशव्या खाली टाकल्या आणि "आईऽ" करत थेट वर गेली. आईचे डोळे तोवर जवळजवळ गेलेच होते. उजेड कुठे आहे आणि अंधार कुठे, एवढंच कळायचं. घरात चष्म्यांचं दुकान असल्यासारखं, पण तिच्या डोळ्यांना लागेल अशी काच बारक्याला कुठेच मिळाली नाही. डोकंही सकाळी लख्ख असायचं आणि जेवण झालं की हळूहळू गढूळ व्हायचं.

ताईचा पाय भांडणाच्या पायरीला लागला. गुडघ्यावरच आपटली.

"कोण पाहुणा आलाय?" वरून आई.

"आई, मी."

"मी म्हणजे कोण?"

बारक्या खाली उभा होता. त्याला वाटलं आई मस्करी करतेय. कदाचित करतही असेल. पण ताई खाली आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता.

"माझ्या घरात मी पाहुणी?" ती म्हणाली. "जन्म गेला माझा त्या जिन्यावर!"

"अगं, तिला दिसत नाही..."

"दिसत नाही म्हणूनच सांगते. ती पायरी काढून टाक. कधी पडेल ती. ढुंगणाचं हाड मोडलं की मग बस कपाळाला हात लावून."

"आई कधी पडली नाही गं. पडलीस तू."

हे बोलायला नको होतं. ताई परत गेली, पण तिचे फोन सुरू झाले. दर रविवारी. जिन्याचं काय झालं? नव्या जिन्यांचे फोटो पाठवायची. गुळगुळीत पायऱ्या, बारीक स्टीलच्या नळ्यांचा कठडा, प्रत्येक पायरीखाली दिव्याची पट्टी. बारक्याला बहिणीशी भांडायची सवय नव्हती. घरात भांडायचा कोटा बाबा आणि काकांनी संपवून ठेवला होता. शिवाय जिना खरंच जुनाट दिसायचा. तेलरंगाचे थरावर थर, कठड्याचे लठ्ठ खांब, पायऱ्यांवर अंथरलेलं, मधे फाटलेलं लिनोलियम. बायकोलाही तो आवडत नव्हता.

मिस्त्री आले. बडबडे होते आणि कामाला चोख. पातळी लावली, टेप लावला, भांडणाच्या पायरीपाशी उकिडवे बसले आणि खो खो हसले.

"भाऊ, हे कुणाचं कर्तृत्व?"

"वडिलांचं. आणि काकांचं."

"दोघांचं? मग बरोबर आहे. एकट्या माणसाला एवढी चूक जमत नाही."

त्यांनी उपाय सांगितला. जिना मोडायचा नाही. खालच्या पायरीपासून सुरुवात करून प्रत्येक पायरीवर लाकडाची पट्टी चढवायची, वर जाताना पट्टी जाड जाड होत जाईल आणि भांडणाच्या पायरीपर्यंत पोचेस्तोवर फरक मिटलेला असेल. वरून नवी फळी.

"म्हणजे ती उंची जाणार कुठे?" बारक्याने विचारलं.

"कुठे जाणार? सगळ्यांना थोडी थोडी वाटून दिली. भांडण असंच मिटवायचं असतं."

काम खालून वर सरकत होतं, म्हणून आईला हलवावं लागणार नव्हतं. तशी ती हललीही नसती. "खाली माझं काय ठेवलंय?" हे तिचं नेहमीचं. पण आवाज तिला सगळे ऐकू यायचे. करवत, ड्रिल, हातोडी. पहिल्या दिवशी खालून, मग जरा वरून. एका संध्याकाळी बारक्या तिच्याजवळ बसला होता तेव्हा ती म्हणाली, "जवळ येतंय रे."

"काय?"

"ते जे काय आहे ते."

"मिस्त्री आहेत आई. जिना करतायत. तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलंस. ती पायरी ठेवशील ना?"

बारक्याने मान हलवली. मग लक्षात आलं, तिला मान दिसत नाही.

"ठेवतो," तो म्हणाला.

बस. एवढाच शब्द. सकाळ असती तर कदाचित खरं बोलला असता. संध्याकाळी आईशी वाद घालणं म्हणजे धुक्यात काठी मारणं. त्याला वाटलं, होऊन जाऊ दे, सपाट पायऱ्यांवरून एकदा चढली उतरली की स्वतःच म्हणेल बरं झालं.

वळणावरचा जुना रंग खरवडताना मिस्त्री थांबले. भिंतीत, माणसाच्या खांद्याच्या बरंच खाली, एक खोलगा होता. वाटीएवढा. कधीतरी पुट्टी भरून वरून रंग मारलेला.

"इथे काय आपटलं होतं?"

"चोर," बारक्या म्हणाला आणि सवयीने हसायला गेला.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी अंगठा त्या खोलग्यात फिरवला. "डोकं की काय?" म्हणाले, आणि नवी पुट्टी घेऊन खोलगा बुजवला.

जिना झाला. झाला तो झकासच झाला, खोटं कशाला बोला. फळ्या एकसारख्या, कठडा बारीक चकचकीत आणि पाय ठेवला की पायरीखालचा दिवा आपोआप लागायचा, पाय पुढे गेला की विझायचा. चढणाऱ्याबरोबर उजेड चढायचा. जुना जिना कुरकुरायचा, हा मुका.

"एक शब्द बोलणार नाही," मिस्त्री अभिमानाने म्हणाले. "मांजर चढल्यासारखं चढा."

जाताना वर जाऊन आईचा निरोपही घेतला त्यांनी. खाली आले तेव्हा जरा गोंधळलेले दिसले.

"आजी काही बोलल्या नाहीत. नुसत्या माझे पाय चाचपत होत्या."

दुसऱ्या दिवशी बायको चहा घेऊन वर गेली. खाली आली ती भरलेला कप घेऊनच.

"काय झालं?"

"म्हणाल्या, कोण? मी म्हटलं, मी आहे आई. तर म्हणाल्या, हो का. आणि तोंड फिरवून बसल्या. चहा घेतलाच नाही."

"रुसली असेल. पायरीवरून."

"रुसलेलं मला कळतं रे. या रुसल्या नव्हत्या." बायको कपाकडे बघत राहिली. "वास घेत होत्या. माझा."

बारक्या वर गेला. सपाट पायऱ्यांवरून सरळ, विचार न करता. पण पाय शिकलेले असतात ना. वळणाच्या वर त्याचा तळवा आपोआप भिंतीवर आपटला, ढांग लांब पडली आणि जिथे पायरी असायला हवी होती तिथे हवा होती. पाय धप्पकन खाली आला. जीभ चावली.

"आलास?" आई म्हणाली. आवाज मोकळा, नेहमीचा.

"आलो."

"बरं झालं. बस. अरे, मगाशी एक बाई आली होती. सूनबाईच्या आवाजात बोलत होती."

बारक्याने समजावलं. जिना नवा झालाय, पायरी आता नाही, सगळ्यांचे पाय आता सारखेच वाजतात, नव्हे, वाजतच नाहीत. आई शांतपणे ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "पण तू तर बरोबर आलास."

"मला सवय आहे म्हणून..."

"तेच तर म्हणते. घरच्याला सवय असते." आणि तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "तू ठेवतो म्हणाला होतास. तू कशाला काढशील?"

आपलेच दात आपलेच ओठ. बारक्या उठला. उठताना त्याला दिसलं की खिडकीपाशी असायचं ते आईचं स्टूल आता खिडकीपाशी नव्हतं. दाराजवळ आणून ठेवलेलं होतं. जिन्याच्या तोंडाशी.

पुढचे काही दिवस बायको दोन्ही पाय जुळवून, आठवण ठेवून चढत होती. पण जिथे पायरी उंच नाही तिथे पाय जुळवायला आठवायचं म्हणजे कठीण काम. एका दुपारी तिच्या हातात ताट होतं, डोक्यात दुसरंच काही होतं. बारक्या त्या दिवशी दुकानातून लवकर सुटून घरी आलेला. त्याने ताट आदळल्याचा आवाज ऐकला.

बायको वळणाच्या वर कठड्याच्या नळीला दोन्ही हातांनी लटकल्यासारखी बसली होती. वरण पायऱ्यांवरून ओघळत होतं आणि एकेक दिवा त्याच्यासाठी लागत होता.

"त्यांनी मला ढकललं," ती म्हणाली. अगदी हळू.

"चुकून लागला असेल हात."

"दोन्ही हात?"

वर जिन्याच्या तोंडाशी कोणी नव्हतं. दार लावलेलं होतं.

त्या रात्री दोघं नीट झोपले नाहीत. सकाळी बारक्याने आईला खाली आणायचा प्रयत्न केला. तिने चौकट धरली. त्या हातांनी धरलेली चौकट सोडवणं सोपं नव्हतं, आणि आईशी ओढाताण करताना जिन्याचं तोंड पाठीमागे आहे हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानेच सोडून दिलं. मग त्याने मिस्त्रींना फोन केला.

"एक पायरी उंच करून द्या. पहिल्यासारखी."

"भाऊ, चेष्टा करता का?"

"नाही हो."

"आयुष्यात चुका केल्या असतील मी, पण मुद्दाम नाही केल्या. शिवाय सध्या मी बाहेरगावी आहे. महिनाभर तरी येत नाही."

मग त्याने स्वतःच एक फळी आणली आणि त्या जागी ठोकली. बापाचाच मुलगा. ती फळी पोकळ वाजायची, ढब. आईने दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "ही पायरी नाही. पायरीसारखं काहीतरी आहे. कोणी ठेवलं?" आणि स्टूल आणखी पुढे ओढलं. त्याने फळी उपसून टाकली.

आणि रविवारी ताई येणार होती. नवा जिना बघायला.

"तिला नको म्हणून सांग," बायको म्हणाली.

"काय सांगू? येऊ नकोस, आई तुला ढकलेल?"

"हो. तसंच सांग."

त्याने फोन हातात घेतला. तीनदा नंबर काढला. पाहुणी म्हटल्यावर जिचा चेहरा पांढरा पडला होता तिला हे सांगायचं? त्याने फक्त एवढं लिहून पाठवलं की आल्यावर आधी मला भेट, वर एकटी जाऊ नकोस. ताईने उत्तरादाखल अंगठा पाठवला. त्याला वाटलं, झालं.

रविवारी दुपारी, आई गढूळ व्हायच्या वेळेला, ताई आली. बारक्या मागच्या मोरीत तोंड धूत होता. दार बायकोने उघडलं.

"अय्या, काय सुंदर झालाय!" ताईचा आवाज. "बघितलंस? मी म्हणत होते की नाही? श्श, ओरडू नकोस. तिला चकित करते."

"ताई, थांबा, आधी ते..."

"अगं, आता कसली भीती, आता पायरी सरळ झाली ना!"

बारक्या ओल्या तोंडाने बाहेर आला तोवर जिन्यात दिवे लागायला लागले होते. एक लागला, विझला. पुढचा लागला. ताई चपला काढून, दबक्या पावलांनी, हसू दाबत चढत होती. वळणावर ती दिसेनाशी झाली. नुसता उजेड वर जाताना दिसत राहिला.

आणि वर स्टूल सरकल्याचा आवाज आला.

आईला उजेड दिसायचा. तेवढं एकच दिसायचं. बारक्याच्या डोक्यात लख्खकन चित्र उभं राहिलं. आई अंधारात बसलीय आणि पावलांशिवाय एक उजेड तिच्याकडे चढत येतोय.

"आई, मी आले!" वरून ताई.

बारक्या धावला. कसा धावला ते त्यालाही सांगता येणार नाही. वळण घेतलं तेव्हा त्याने दोघींना बघितलं. ताई वरून दुसऱ्याच पायरीवर, हात पसरून. आई उभी, पाय रोवून. तिचे दोन्ही तळवे ताईच्या छातीवर टेकलेले. ताईला वाटत होतं, आई कुरवाळतेय. ती हसत होती.

ओरडून उपयोग नव्हता. आवाज कोणीही काढतं.

बारक्याने उजवा तळवा भिंतीवर आपटला, जोरात. पाय गुडघ्यापर्यंत उचलला, नसलेल्या पायरीवरून ढांग टाकली आणि सगळा भार देऊन खाली सोडला. धप्प. घोट्यातून कळ मस्तकात गेली.

आईचे हात थांबले.

"आलास?"

"आलो आई."

"वेळेवर आलास." तिने ताईच्या छातीवरचे हात काढले, बाजूला झाली, चौकटीला पाठ लावली. अगदी नीट जागा करून दिली. "ही बघ. ताईच्या आवाजात बोलतेय. माझ्या हातात आता पहिल्यासारखा जोर नाही रे. तू ढकल."

ताईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, नुसतं कातडीवर. तिने बारक्याकडे बघितलं, मग आईकडे, मग मागे वळून वळणावरच्या भिंतीकडे. ती गोष्ट तिनेही शंभरदा ऐकली होती.

"ढकल ना," आई म्हणाली. प्रेमाने. पोराला ताटातलं संपव म्हणावं तसं.

बारक्याने ताईचा दंड धरला आणि तिला खाली नेलं. पायरी पायरीने. मुद्दाम पाय आपटत. खाली पोचल्यावर ताई जमिनीवरच बसली. बायकोने पाणी आणलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

"मला ओळखलं नाही तिने."

"पायांनी ओळखते ती. आता पाय कळत नाहीत. कोणाचेच."

"मी सपाट करायला लावली," ताई म्हणाली. "मला पाहुणी म्हणू नये म्हणून."

वरून आई ऐकत होती, ते सगळ्यांना कळत होतं.

थोड्या वेळाने ताई उठली. डोळे पुसले. "दाखव मला," म्हणाली. "कशी चढायचे मी लहानपणी? मला आठवत नाही."

बारक्याला आठवत होतं. ताई कठड्याला लोंबकळून उडी मारायची आणि बाबा ओरडायचे. पन्नाशीची बाई, तिला त्याने खालच्याच पायऱ्यांवर शिकवलं. इथे थांब. कठडा धर. आता उडी. अगं, आणखी उंच, पायरी आहे असं समज. ताई नसलेल्या पायरीवरून उड्या मारत होती, धापा टाकत होती, मधेच तिला हसू आलं आणि हसता हसता रडू. बायकोने तोंडावर हात धरला होता. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय खेळ चाललाय.

मग ती खरंच वर गेली. बारक्या तिच्या मागे, एक हात पाठीशी धरून. वळण झालं. ताई थांबली, नळी धरली, उडी मारली. धप्प.

वर शांतता. बराच वेळ.

"भवाने," आई म्हणाली, "कठडा मोडशील एक दिवस. ये."

ताई जाऊन तिच्या मांडीवर पडली. आईने तिचा चेहरा चाचपला, कान ओढला, वाळलीस म्हणाली. सगळं अगदी आईसारखं. मग ताईच्या केसांत बोटं फिरवता फिरवता तिने मान जिन्याकडे वळवली.

"ती गेली का रे, मगाची?"

"गेली," बारक्या म्हणाला.

"नीट बघितलंस? उठली होती का?"

ताईच्या पाठीवरून एक शहारा गेलेला त्याला दिसला.

ताई दोन दिवसांनी गेली. आता फोन करते पण जिन्याचं नाव काढत नाही. मिस्त्री अजून बाहेरगावीच आहेत, एका महिन्याचे दोन झालेत. बायको वर जात नाही. सगळं बारक्याच करतो, चहा, ताट, औषधं, अंथरूण. चढताना तळवा, ढांग, धप्प. वरून "आलास?" आणि आत.

पण एक गोष्ट त्याने बायकोला सांगितलेली नाही.

पाय शिकतात तसे विसरतातही. पहिल्यांदा त्याचा पाय आपोआप उचलला गेला होता, जीभ चावेपर्यंत. आता तो आठवून उचलतो. वळण आलं की मनाशी म्हणतो, उचल. नवा जिना फार गोड आहे, पायांना सरळच न्यायला बघतो. दिवसभर काचा घासून माणूस दमलेला असतो. डोक्यात गिऱ्हाईक असतं, विजेचं बिल असतं, हजार गोष्टी असतात.

आज संध्याकाळी तो ताट घेऊन वर गेला. दुकानात एका माणसाने उगाच हुज्जत घातली होती, त्याला तिथे काय बोलायला हवं होतं याचा विचार चालला होता. आणि एकदम त्याच्या लक्षात आलं की वळण मागे पडलंय. शेवटचा दिवा पायाखाली लागलाय. तळवा झिणझिणत नाहीये, भिंतीला लागल्यासारखा वाटत नाही.

उचलला का पाय? त्याला आठवेना.

वरून कोणी "आलास?" म्हणालं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "मी आहे."

अंधारात स्टूल सरकलं.